नकाशावर नकाशा: घरी भूगोल शिकवायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

घरी भूगोल शिकवायला घेतला की बहुतेक पालक पहिल्याच आठवड्यात एक कोरा नकाशा छापतात आणि मुलाला नावं भरायला बसवतात. मीही तेच केलं. मुलीने महिनाभरात आफ्रिकेचे सगळे 54 देश पाठ केले, आणि मी खूश. मग एक दिवस सहज विचारलं, ‘इजिप्तमधली शहरं अशी एका ओळीत का गं वसली असतील?’ तिने नकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘हे विचारायचं ठरलं नव्हतं.’

तिचं बरोबरच होतं. मी तिला फक्त ‘कुठे’ शिकवलं होतं. ‘का’ साठी एका नकाशावर दुसरा नकाशा ठेवून पाहावा लागतो: पावसावर नदी, नदीवर वस्ती. त्यासाठी महागडं काही लागत नाही, पण पद्धत नीट लावून घ्यावी लागते. ती इथे क्रमाने सांगते.

आधी सामान

एक बरा अ‍ॅटलस हवा. त्यात प्राकृतिक, राजकीय, पर्जन्यमानाचा आणि लोकसंख्येच्या घनतेचा, असे चारही प्रकारचे नकाशे आहेत का ते घेण्याआधी चाळून पाहा. शक्य असेल तर पृथ्वीगोलही असावा. बाकी पेन्सिली, रंगीत पेनं, चिमटे आणि थर, म्हणजे एकेका विषयाचा वेगळा नकाशा, काढायला पारदर्शक कागद.

या पारदर्शक कागदात दोन पर्याय आहेत. ट्रेसिंग पेपर स्वस्त असतो आणि त्यावर पेन्सिल छान चालते. पण तिसरा कागद ठेवला की खालचं सगळं धुक्यात जातं. ओएचपी शीट म्हणजे प्लास्टिकची पारदर्शक शीट. तिचे पाच-सहा थर एकावर एक ठेवले तरी तळचा नकाशा दिसतो. मी कच्चं काम ट्रेसिंगवर आणि पक्कं काम शीटवर करते. शीटवर व्हाइटबोर्डचं मार्कर वापरू नका, हात एकदा घासला की नदी पुसली जाते. बारीक टोकाचं परमनंट मार्कर घ्या. चुकलंच तर कापसावर थोडा सॅनिटायझर घेऊन पुसलं की निघतं. शीटवर थेट छापायचं असेल तर ती आपल्या प्रिंटरसाठीचीच आहे ना, हे पाकिटावर वाचून घ्या. लेझर प्रिंटर आतून तापतो, त्यात साधी शीट वितळून अडकते.

पायरी पहिली: पायाचा नकाशा एकच

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबते.

मी सुरुवातीला सीमांचा नकाशा एका ठिकाणाहून घेतला आणि नद्यांचा दुसरीकडून. दोन्ही ए-फोर कागदावर छापले, एकावर एक ठेवले, तर नाईल नदी तांबड्या समुद्रातून वाहत होती. कारणं दोन. एक, दोघांचं प्रमाण वेगळं होतं. शिवाय छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला की प्रिंटर प्रत्येक चित्र आपल्या मर्जीने लहानमोठं करतो. दुसरं कारण जरा खोल आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायच्या पद्धती अनेक आहेत. त्यांना प्रक्षेपण म्हणतात. दोन नकाशांचं प्रक्षेपण वेगळं असेल तर कितीही लहानमोठं करा, ते जुळायचे नाहीत.

म्हणून नियम असा: एका प्रदेशासाठी पायाचा नकाशा एकच, आणि सगळे थर त्यावरच काढायचे. पायाच्या नकाशावर किनारा असावा, अक्षवृत्तं-रेखावृत्तं असावीत आणि चार कोपऱ्यांत चार अधिकचिन्हं. प्रत्येक नवी शीट वर ठेवली की सर्वांत आधी ही चार चिन्हं गिरवायची. नंतर कधीही थर जुळवताना चिन्हावर चिन्ह बसलं की काम झालं.

मग पावसाचा नकाशा अ‍ॅटलसमध्ये वेगळ्या आकारात असेल तर? तिथे अक्षवृत्तं-रेखावृत्तं कामाला येतात. दोन्ही नकाशांवर त्यांच्यामुळे चौकटी पडलेल्या असतात. अ‍ॅटलसमधली एक चौकट बघायची, तिच्यात रेषा कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते ते पाहायचं आणि आपल्या नकाशाच्या त्याच चौकटीत तशीच काढायची. चौकट तिरकी असो की सरळ, आकडे तेच असतात. रांगोळी मोठी करताना ठिपके मोजून काढतो, तसंच हे. ‘अक्षांश कशाला शिकायचे?’ हा प्रश्न आमच्याकडे त्या दिवसापासून बंद झाला.

पायरी दुसरी: नावं लिहिणं

नावं कोणत्या क्रमाने लिहायची याला महत्त्व आहे. आधी पाणी: महासागर, समुद्र, नद्या, सरोवरं. मग पर्वत, पठारं, वाळवंटं. मग विषुववृत्त, कर्कवृत्त, मकरवृत्त. शहरं त्यानंतर, आणि देशांच्या सीमा सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने गेलं की मुलाच्या डोक्यात सीमाच पक्क्या होतात आणि नद्या त्यांच्यात कोंबल्यासारख्या वाटतात. खरं तर बऱ्याच सीमा नदी-डोंगर बघूनच आखलेल्या असतात, आणि ज्या तशा नाहीत त्या लगेच डोळ्यांत भरतात. इजिप्तची दक्षिण सीमा जवळपास सगळी 22 अंश उत्तर अक्षवृत्तावरून जाते, तर पश्चिम सीमेचा मोठा भाग 25 अंश पूर्व रेखावृत्तावरून. पट्टी घेऊन आखल्यासारखी ही सीमा कुणी आखली, कुठे बसून, असं मूल स्वतःच विचारतं. मग इतिहासाचा तास वेगळा घ्यावा लागत नाही.

एका बैठकीत आठ ते दहा नावं पुरे. सहा-सात वर्षांच्या मुलाला तीन-चार.

लिहिण्याचे काही संकेत पहिल्या दिवसापासून लावा. पाण्याची नावं निळ्या रंगात. नदीचं नाव नदीच्या वळणाला धरून, पण उलटं वाचावं लागेल असं नाही. शहराचा ठिपका आधी, नाव त्याच्या उजवीकडे किंचित वर. तिथे जागा नसेल तरच दुसरीकडे. किनाऱ्यावरच्या शहराचं नाव शक्यतो पाण्यात लिहावं, म्हणजे जमीन मोकळी राहते.

मराठीत लिहिताना एक वेगळीच अडचण येते. रोमन लिपीतल्या नकाशांवर पर्वतरांगेचं नाव अक्षरं लांब लांब पसरून लिहितात. आपल्याकडे तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि वेलांट्या-मात्रा पोरक्या होतात. उपाय सोपा आहे: अक्षर मात्रेसकट एकत्र ठेवायचं आणि मोकळी जागा अक्षरांच्या मध्ये सोडायची, ‘अँ  डी  ज’ अशी. वरच्या-खालच्या मात्रांसाठी दोन नावांमध्ये उभी जागाही जास्त लागते, म्हणून अक्षर वाटतं त्यापेक्षा बारीकच काढायला सांगा. आणि परक्या नावांचं लेखन एका अ‍ॅटलसप्रमाणे ठरवून टाका. आज ‘नाईल’, उद्या ‘नाइल’ असं झालं की मुलं त्या दोन नद्या समजतात. हे मी गमतीने सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी कोऱ्या प्रतीवर तीच नावं न बघता लिहायची, मग आठवड्याने पुन्हा. पण तोंडी विचारताना ‘कैरो कुठे आहे?’ असं विचारू नका, मूल बोट ठेवून मोकळं होतं. ‘कैरो समुद्राच्या जवळ की आस्वानच्या?’, ‘नाईलचे फाटे फुटतात ते कैरोच्या आधी की नंतर?’ असं विचारा. एका नावाचा दुसऱ्याशी संबंध लागला की मूल ते विसरत नाही.

पायरी तिसरी: पहिले थर, इजिप्तचे

सुरुवातीला इजिप्तच का? कारण तिथे चित्र इतकं स्वच्छ दिसतं की नवशिक्या पालकालाही चुकायला वाव नाही.

पायाच्या नकाशावर किनारा, सीमा आणि चौकटी घ्या. वेगवेगळ्या शीटवर चार थर काढा: पाऊस, नदी, वस्ती, दळणवळण. काढायचं काम मुलाचं. तुम्ही रात्री बसून सुबक थर तयार ठेवलेत तर मूल कौतुकाने बघेल आणि विसरेल. वेड्यावाकड्या हाताने का होईना, नदीची वळणं स्वतः गिरवली की ती हातात बसतात.

आता खरी गंमत थर ठेवण्याच्या क्रमात आहे. आधी फक्त पाऊस ठेवा. उत्तर किनाऱ्यावर अलेक्झांड्रियाला वर्षाला साधारण 200 मिलिमीटर, कैरोला जेमतेम 25 आणि आस्वानला जवळजवळ शून्य. आता मुलाला पेन्सिल देऊन सांगा, ‘या देशात 10 कोटींहून जास्त माणसं राहतात. ती कुठे राहत असतील, तिथे गोल कर.’ बहुतेक मुलं उत्तर किनाऱ्यावर गोल करतात, कारण पाऊस तिथेच आहे. विचार चोख आहे, त्यामुळे लगेच ‘चूक’ म्हणू नका. काही न बोलता नदीचा थर ठेवा आणि वाट बघा.

अंदाज आधी, थर नंतर. हा क्रम मोडला की सगळा खेळ नुसतं चित्र दाखवण्यावर येतो.

मग वस्तीचा थर. एक ठिपका म्हणजे 10 लाख माणसं धरली तर शंभराहून जास्त ठिपके होतात. त्यांतले साधारण वीस एकट्या कैरोच्या परिसरात जातात. बाकीचेही नदीकाठी आणि त्रिभुज प्रदेशात असे दाटतात की देशाची सुमारे 95 टक्के माणसं सुमारे 5 टक्के जमिनीवर राहतात हे वेगळं सांगावं लागत नाही.

इथे थांबू नका. नदीपासून दूर असलेली वस्ती शोधायला सांगा. पश्चिमेला वाळवंटात सिवा सापडेल: तिथे जमिनीतून पाणी वर येतं, ते मरूद्यान आहे. ईशान्येला पोर्ट सैद, इस्माइलिया आणि सुएझ ही शहरं एका उभ्या रेषेत दिसतील. आता दळणवळणाचा थर ठेवला की ती रेषा म्हणजे 1869 मध्ये खुला झालेला सुएझ कालवा निघतो. पण कालव्यात खारं पाणी. मग हे लोक पितात काय? कालवा खोदतानाच नाईलपासून गोड्या पाण्याचा वेगळा कालवा तिथवर नेला होता, हे उत्तर मुलाने शोधून काढलं तर तो दिवस सत्कारणी लागला समजा. नियमाला जुळणारे ठिपके पटकन कळतात, शिकवतात ते न जुळणारे.

जाता जाता एक फसवी जागा. ‘वरचा इजिप्त’ नकाशावर खाली असतो आणि ‘खालचा इजिप्त’ वर, कारण नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते आणि नावं प्रवाहावरून पडली आहेत. कागदाची वरची बाजू आणि जमिनीची उंची यांचा काही संबंध नसतो, हे समजवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

पायरी चौथी: एकच डोंगर, दोन सावल्या

दुसरा प्रदेश दक्षिण अमेरिका घ्या. थर तीन: अँडीज पर्वत, पाऊस आणि वारे. अँडीजची रांग सुमारे 7,000 किलोमीटर, खंडाच्या पश्चिम कडेने वरपासून खालपर्यंत.

मुलाला पर्जन्यछाया ठाऊक असेल तर ते म्हणेल, डोंगराच्या एका बाजूला पाऊस, दुसऱ्या बाजूला कोरडं. कोणती बाजू कोरडी? पेरू आणि उत्तर चिलीच्या पट्ट्यात पश्चिम बाजू कोरडी आहे, तिथे अटाकामाचं वाळवंट. आणि पेरूमध्येच डोंगर ओलांडून पूर्वेला उतरलं की अ‍ॅमेझॉनचं जंगल. ‘म्हणजे पश्चिम कोरडी’ असं मूल वहीत लिहीपर्यंत थांबा. मग 40 अंश दक्षिणेच्या खाली बघायला सांगा. तिथे सगळं उलटं. पश्चिमेला चिलीतल्या प्वेर्तो माँतला वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि पूर्वेला पॅटागोनियाची उजाड माळरानं. डोंगर तोच, सावली बदलली.

आता वाऱ्यांचा थर. उत्तरेकडच्या पट्ट्यात बाण पूर्वेकडून येतात, 40 अंशांच्या खाली पश्चिमेकडून. पाण्याने भरलेला वारा ज्या बाजूने डोंगरावर चढतो ती बाजू ओली. आमच्याकडे हा थर ठेवला तेव्हा मुलगी शीट उचलून पुन्हा ठेवत राहिली, चार-पाच वेळा.

मात्र इथे एक सावधगिरीही शिकवावी लागते. अटाकामा एवढं कोरडं असण्याला एकटा डोंगर कारण नाही. किनाऱ्यालगतचा थंड हंबोल्ट प्रवाह आणि वरून खाली बसणारी हवा यांचाही त्यात वाटा आहे. दोन थर जुळले म्हणजे एक दुसऱ्याचं कारण झालंच असं नाही. जुळणी दिसली की संशय घ्यायचा आणि मग तपासायचं.

थोड्या मोठ्या मुलांना यासाठी 1854 ची लंडनची गोष्ट सांगा. सोहो भागात कॉलऱ्याची साथ होती. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरं आणि पाण्याचे पंप एकाच नकाशावर मांडले, तर मृत्यू ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटले होते. पण ते नकाशावर विसंबून राहिले नाहीत, घरोघर जाऊन चौकशी केली. पंपाजवळच्या एका वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या संस्थेत, शेकडो लोक राहत असूनही मृत्यू फार थोडे झाले होते, कारण त्यांची विहीर स्वतंत्र होती. पंपाजवळ असूनही वाचलेली माणसं, म्हणजे पुन्हा न जुळणारे ठिपकेच.

पुढच्या जोड्या

एवढं जमलं की पुढचं तुमचं तुम्हाला सुचेल. माझ्या आवडीच्या काही जोड्या सांगून ठेवते. भूकंप आणि ज्वालामुखी यांचे थर वेगळे काढून प्रशांत महासागराभोवती ठेवा, मग भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकणाऱ्या मोठ्या तुकड्यांच्या, सीमा ठेवा. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका पृथ्वीगोलावरून पातळ कागदावर उतरवून कापा आणि किनाऱ्याला किनारा लावून पाहा; आल्फ्रेड वेगेनर यांनी 1912 मध्ये खंड सरकतात असं मांडलं, त्यामागे ही जुळणी होती आणि दोन्ही किनाऱ्यांवरचे सारखे जीवाश्मही होते. भिंतीवरच्या मर्केटर पद्धतीच्या नकाशावरून ग्रीनलंड गिरवून आफ्रिकेवर ठेवा, दोघं बरोबरीचे वाटतील. तेच पृथ्वीगोलावर करा. आफ्रिका प्रत्यक्षात ग्रीनलंडच्या सुमारे 14 पट आहे. मर्केटर यांनी 1569 मध्ये तो नकाशा केला तो जहाजांना दिशा धरता यावी म्हणून, क्षेत्रफळ मोजायला नव्हे.

संगणकावर हे सगळं होतंच. गूगल अर्थमध्ये थर चालू-बंद करता येतात. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर आहे आणि नॅचरल अर्थ या नावाने जगाचे मोफत नकाशे मिळतात. बारा-तेरा वर्षांनंतर जरूर शिकवा. त्याआधी मला कागदच बरा वाटतो. बटण दाबून आलेला थर मूल बघतं, हाताने काढलेला त्याच्या लक्षात राहतो.

आठवड्याचं गणित आणि शीट सांभाळणं

आमचा एक प्रदेश साधारण तीन आठवडे चालतो. पहिल्या आठवड्यात पायाचा नकाशा आणि नावं, दुसऱ्यात थर काढणं, तिसऱ्यात थर ठेवून बोलणं. आठवड्याला तीन बैठका, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. थर काढायला वेळ लागतो म्हणून तो आठवडा टाळण्याचा मोह होईल. वेळ वाचवायचाच असेल तर नावांची संख्या कमी करा.

प्रत्येक शीटच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात शीर्षक, त्याखाली तारीख, उत्तर दिशेचा बाण आणि चिन्हांचा अर्थ सांगणारी छोटी सूची हवीच. शीर्षकाचा आणखी एक उपयोग म्हणजे शीट पालथी ठेवली गेली तर अक्षरं उलटी दिसतात आणि चूक लगेच कळते. पारदर्शक शीट पालथी पडल्यावरही नदी नदीसारखीच दिसते आणि आपण अर्धा तास भलत्याच किनाऱ्याची कारणं शोधत बसतो. ठेवताना दोन शीटमध्ये साधा कागद घाला, नाहीतर उन्हाळ्यात एकीची शाई दुसरीला चिकटते.

परीक्षा घ्यायची असेल तर जुन्या शीट काढा, शीर्षक आणि सूचीवर चिठ्ठी चिकटवा, पायाचा नकाशा बाजूला ठेवा आणि एकेक शीट मुलापुढे धरा: हा थर कशाचा, कुठला आणि कशावरून ओळखलंस? मागच्या वेळी मुलीने नदीची शीट नुसत्या फाट्यांवरून ओळखली. पावसाची मात्र वस्तीची म्हणाली, आणि मग स्वतःच म्हणाली, ‘थांब, वस्तीची असती तर आस्वानला ठिपका असता.’

नंतर तिने मला परीक्षेला बसवलं. माझे दोन चुकले.